तात्यांचं धोतर आणि माझं रसायनशास्त्र

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, यात रसायनशास्त्राचा काहीही दोष नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण आमच्याकडे अजूनही दूध नासलं, भांडं काळं पडलं किंवा कुणाच्या पोटात गुडगुड झाली, की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मग दुधाकडे.

माझं माहेर देगलूरचं, कॉलेज नांदेडचं, आणि सासरही नांदेडचंच. लग्न होऊन नांदेडच्या स्वयंपाकघरात डबे कुठे आणि डाळी कुठे हे कळतंय न कळतंय, तोच ह्यांची, म्हणजे मिलिंदरावांची, बदली लातूरला झाली. लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता. नवीन कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि कारकून हा प्राणी उचलून कुठेही ठेवता येतो. आम्ही आमची ट्रंक, सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते) आणि नणंद रत्ना अशा सगळ्या चिजा घेऊन लातुरात दाखल झालो. बघतो तर गावात पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेब नवे. जुना होता तो फक्त दुष्काळ.

आम्हाला दोन खोल्या आणि पुढची ओसरी मिळाली ती कमळाकाकूंच्या घरात. कमळाकाकू मागच्या भागात राहायच्या. त्यांचा जगात एकाच गोष्टीवर जीव होता, तो म्हणजे ओसरीतली शहाबादी फरशी. "आमच्या ह्यन्नी सोता निवडून आणलेली हाय. एकेक फरशी बोटानं वाजवून," असं त्या दर भेटीत सांगत. भाडेकरूची वागणूक कशी हे त्या त्याच्या चपला कुठे निघतात त्यावरून ठरवत.

पाणी मात्र त्यांच्या हातात नव्हतं. मागे बोअर होती, आणि तिला पाणी म्हणून जे काही यायचं, ते पाण्यापेक्षा पातळ दगडाच्या जास्त जवळचं होतं. साबण लावला की फेस येण्याऐवजी दही यायचं. केस धुतले की डोक्यावर केरसुणी. हंड्याच्या आत पांढरा थर, बादलीला पांढरा थर, आत्याबाई म्हणायच्या, "आनखी वरीसभर ऱ्हायलो तर आपल्याला बी पुटं चढत्याल." प्यायला टँकर. तो कधी येईल हे ना टँकरवाल्याला माहीत, ना नव्या जिल्ह्याला.

पाणी नसलं की माणसं हातावर हात ठेवून बसतात असं कुणाला वाटत असेल, तर ते साफ चूक आहे. कुणीच बसत नाही! सगळी गल्ली अर्धी उठलेली असते. हातात लाटणं, पण कान रस्त्याकडे. कुठे ट्रकचा हॉर्न वाजला की बायका घागरी घेऊन पळत, आणि ट्रक सिमेंटचा निघाला की तशाच पळत परत. मी तर मुळातच चुळबुळी. माझ्या हातांना काम नसलं की ते काहीतरी उद्योग शोधतात, आणि त्यांनी शोधलेला उद्योग निस्तरायला मग आणखी चार हात लागतात.

अशात रत्नाला स्थळ आलं.

मुलगा हदगावचा, नाव प्रशांत, कृषी खात्यात नोकरीला. याआधी रत्नानं आलेल्या प्रत्येक स्थळाला नाकं मुरडली होती. एकाचा आवाज बारीक, एकाचे विचार बारीक. पण प्रशांतचा फोटो आला, तो तिनं उलटा-सुलटा करून बघितला, पुस्तकात ठेवला, आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, ते लोक सकाळच्या गाडीनं येणार का दुपारच्या?" मी आणि आत्याबाईंनी एकमेकींकडे बघितलं. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (लातुरात तेव्हा एवढंच पाणी वेळेवर यायचं.)

मध्यस्थानं निरोप पाठवला होता: मुलाचे वडील, तात्या, सांभाळून घ्या. माणूस रिटायर मास्तर, तत्त्वाचा पक्का. गावोगाव फिरून भानामती, करणी, अंगात येणं यांच्याविरुद्ध भाषणं देतात. घरात कुठे लिंबू-मिरची टांगलेली दिसली तर चहा न पिता उठतात. आणि हो, त्यांचे सगळे दात नुकतेच काढलेत. मऊ वरणभाताशिवाय काही खात नाहीत.

"लिंबू-मिरचीची फिकीर न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या घरात ते सासऱ्याच्या टायमापास्नंच बंद हाय. फिकीर वरणाची हाय."

फिकीर खरीच होती. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजतच नसे. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या, गल्लीला वाटायचं रेल्वे आली, आणि झाकण उघडावं तर डाळ जशीच्या तशी, नुसती अंघोळ केलेली! म्हणून आत्याबाईंनी टँकरच्या पाण्याचं एक टिपाड भरून ओसरीत ठेवलं, त्यावर फळी, फळीवर वरवंटा, आणि सगळ्यांना बजावलं, "ह्येच्यातलं थेंबभर पाणी जर कुनी घेतलं, तर माझ्याशी गाठ हाय."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आत्याबाई आणि रत्ना भाजी आणायला बाहेर पडल्या. घरात मी आणि हे. मी ओसरी झाडली. पुन्हा झाडली. मग माझं लक्ष गेलं उंबऱ्याशेजारच्या फरशीकडे. तिथे आम्ही रोज बोअरच्या पाण्याच्या घागरी ठेवायचो, त्यामुळे पांढऱ्या गोल गोल पुटांची रांगोळी झाली होती. येणाऱ्याची पहिली नजर नेमकी तिथे पडणार!

घासून बघितलं. जाईना. विटेच्या तुकड्यानं घासलं. जाईना. आणि मग माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली.

"अहो, हे पुट म्हणजे काय आहे माहितीये?"

"घाण," हे पेपरातून म्हणाले.

"कार्बोनेट! कार्बोनेटवर आम्ल टाकलं की ते विरघळून जातं. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले, की काय तयार होतं? क्षार आणि पाणी!"

ह्यांनी पेपर खाली केला. "पाणी तयार होतंय?"

"हो."

"मग इतके दिवस आपण टँकरची वाट कामून बघून राहिलो?"

अशा माणसाशी शास्त्रीय चर्चा होत नसते. मी मोरीतून संडास घासायच्या ॲसिडची बाटली आणली आणि पुटावर धार धरली.

फस्स्स्!

पुट गेलं. अगदी डोळ्यांदेखत गेलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण फस्स् काही थांबेना. पुट संपलं, तरी फेस चालूच. उलट वाढला. आता हे सांगायला हवं, की शहाबादी फरशी म्हणजे मुळात चुनखडीचा दगड, आणि चुनखडीही कार्बोनेटच. ॲसिडला पुट कुठे संपतं आणि फरशी कुठे सुरू होते हे कळायचं काही कारण नव्हतं. कळायला हवं होतं ते मला. हा प्रयोग मी कॉलेजात स्वतःच्या हातानं केला होता, मार्कही मिळाले होते. पण तो परीक्षानळीत! परीक्षानळी घरमालकिणीच्या यजमानांनी बोटानं वाजवून आणलेली नसते.

"अगं, फरशी उकळून राहिली की!" हे ओरडले.

"थांबा, आम्लाला आम्लारीनं मारायचं असतं!" मी म्हणाले आणि धुण्याच्या सोड्याची पुडी त्यावर रिकामी केली. तर फेस एवढा उसळला, की ह्यांनी पाय खुर्चीवर घेतले. सोडा म्हणजेही कार्बोनेट हे मला नंतर आठवलं. त्या दिवशी मला सगळंच नंतर आठवत होतं.

"पाणी! पाणी ओत!"

बोअरला तेव्हा वीज नव्हती. हातापाशी एकच पाणी होतं. वरवंटा खाली ठेवला, फळी बाजूला केली, आणि तांब्यावर तांब्या, मग घागरीवर घागर, असं मी टिपाडातलं पाणी फरशीवर ओतत सुटले. फेस शांत झाला तेव्हा टिपाडही शांत झालं होतं. आणि उंबऱ्याशेजारी, सगळ्या गुळगुळीत निळसर फरशीत, परातीएवढा एक पांढरट, खडबडीत डाग उमटला होता. जणू एखादा उंट तिथे रोज जीभ घासत असावा.

आत्याबाई आल्या. आधी टिपाडात बघितलं. मग माझ्याकडे.

"पानी कुठं गेलं?"

"फरशीनं पिलं," मी म्हणाले.

आत्याबाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या आणि पिशवीतली वांगी एकेक करून काढत राहिल्या. रत्नानं आज नेसायची म्हणून रात्रीच काढून ठेवलेली निळी साडी पुन्हा घडी करायला घेतली.

"घडी घालू नको," मी म्हणाले. "वरण मी करते."

"तू?" तिघंही एकदम म्हणाले.

डाग लपवायची जबाबदारी ह्यांच्यावर टाकली. सतरंजी तिथवर पोचेना. ओढली तर उंबऱ्यात पाय अडकून पाहुणा पालथा पडायचा. शेवटी डागावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर हे, आणि ह्यांच्या मांडीवरून खाली लोंबणारी एक शाल. "काही झालं तरी उठायचं नाही," मी बजावलं. भर उन्हाळ्यात शाल पांघरून हे देवडीवरच्या शिपायासारखे दारात बसून राहिले.

वीज आल्यावर मी बोअरच्या पाण्यात डाळ चढवली. शिट्ट्या झाल्या. डाळ ढिम्म. पण मला उपाय ठाऊक होता: खायचा सोडा! चिमूटभर टाकला, डाळ मऊ पडते. (पडतेच. ज्याला थांबता येतं, त्याची.) मी चिमूट टाकली आणि उभी राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर. झाकण उघडलं, बंद केलं. आणखी एक चिमूट. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आणखी एक. तेवढ्यात ओसरीतून "जय भीम, जय भीम" ऐकू आलं, आणि माझ्या हातून मूठभर गेला.

डाळ शिजली. शिजली म्हणजे काय, विरघळली! मी खुशीत हळद टाकली, आणि पळी फिरवली.

वरण लाल झालं.

तिखटासारखं लाल नव्हे. विटेसारखं, मंगलोरी कौलासारखं. आत्याबाई डोकावल्या. "अगं बया! ह्ये काय रांधून राहिलीस तू?"

"काही नाही, आत्याबाई. सोडा जास्त झाला. हळद आम्लारीत लाल होते. आता आम्ल घातलं की पिवळी."

"घाल ग बाई, जे घालायचं ते घाल. पाहुणे बसले पानावर!"

मी चिंचेचा कोळ घेतला आणि अख्खी वाटी पातेल्यात उलटी केली. पुन्हा तोच आवाज. फस्स्स्! वरण उठलं, काठावर आलं, काठ ओलांडून स्टोव्हवर गेलं, स्टोव्ह विझला. पण खरं सांगते, जे पातेल्यात उरलं, ते पिवळंधमक होतं! मी वाट्या भरल्या. चव बघायला वेळ कुणाला होता?

बाहेर ओसरीत वेगळीच पंचाईत चालली होती. मुलाकडची तीन माणसं सतरंजीवर बसलेली: तात्या, पांढरं शुभ्र धोतर, पांढरी मिशी, कपाळाला आठी, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, आणि फोटोतल्यापेक्षा उंच असा प्रशांत. आणि मुलीचा भाऊ? तो खुर्चीवर! शाल पांघरून! वडीलधारी माणसं आली तरी उठलेला नाही!

"काय हो," तात्या म्हणाले, "नव्या जिल्ह्यात अशी पद्धत हाय का?"

ह्यांचं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "त्यांच्या पाठीत लचक भरलीये, तात्या. हलता येत नाही."

"मंग शाल कामून?"

"थंडी वाजते."

"लचकीनं?"

अक्कांना दया आली. त्यांनी ह्यांना तेल कोणतं चोळायचं ते सांगितलं आणि हात धुवायला आत रत्नाकडे गेल्या. मी पानं वाढली, तात्यांच्या पुढ्यात वरणाची वाटी ठेवली, आणि स्वयंपाकघरात वळले, तर आत्याबाई पातेल्यातली पळी जिभेला लावून उभ्या. त्यांचा चेहरा मी आजतागायत विसरलेले नाही. एक डोळा मिटला होता आणि दुसऱ्यानं त्या मला काहीतरी सांगत होत्या.

मी बोट बुडवून चाखलं. आम्ल आणि आम्लारीचा झालेला क्षार, वर मी सवयीनं घातलेलं मीठ, वर बोअरच्या पाण्यातले अंगचे क्षार! समुद्र परवडला. देगलूरच्या पोरीनं समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्या घोटात पाहिला.

मी धावले. तात्यांनी वाटी उचललेली, मिशी सावरलेली, ओठ पुढे काढलेले.

"तात्या, थांबा!"

"आं?"

"ते वरण नका खाऊ!" मी वाटीला हात घातला.

तात्यांना दात नव्हते, पण पकड होती. आयुष्यात कुणी वाढलेली वाटी परत ओढून घेताना त्यांनी पाहिलं नसावं. त्यांनी वाटी सोडली नाही. मीही सोडली नाही. क्षणभर आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत ओढत राहिलो, आणि मग वाटीनं आपला निर्णय घेतला. सगळं वरण तात्यांच्या मांडीवर, त्या पांढऱ्या शुभ्र धोतरावर!

"काही काळजी करू नका," मी म्हणाले. (हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आता आमचे लोक दारं-खिडक्या उघडतात, पळायला.) "लगेच धुतलं की डाग राहत नाही." आणि मोरीतून कपड्याच्या साबणाची ओली वडी आणून मी तात्यांच्या धोतरावर खसाखसा घासली.

साबण म्हणजे आम्लारी.

पिवळा डाग लाल झाला. साधा लाल नाही, ताजा, भळभळणारा लाल! जितकं घासावं तितका पसरत चालला. नेमक्या त्याच वेळी अक्का बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते असं: नवरा भिंतीला टेकलेला, मांडी लालभडक, आणि मी वर वाकून जोरजोरात काहीतरी करून राहिलेली.

"अगं माय माय माय! रगत! मारलं गं ह्यांना!"

तात्यांनी खाली बघितलं. सगळ्या तालुक्याला न भिणारा तो माणूस रक्ताला भीत असे हे निरोपात नव्हतं. त्यांचा चेहरा धोतराच्या मूळ रंगाचा झाला. "पर मला दुखत कामून न्हाई?" एवढं पुटपुटून ते आडवे झाले.

"रिक्षा! रिक्षा आणा!" प्रशांत ओरडला. ह्यांनी टुणकन उडी मारली, खुर्ची एकीकडे, शाल एकीकडे, आणि हे अनवाणी रस्त्यावर. आडवे पडलेले तात्या एक डोळा उघडून म्हणाले, "ह्येची पाठ बरी झाली वाटतं," आणि पुन्हा मिटले.

अक्कांच्या हाकेनं गल्ली गोळा झाली. एरवीही बायका टँकरसाठी दारातच उभ्या होत्या, घागरींसकट आल्या. कमळाकाकू सगळ्यांना सारत पुढे आल्या, तात्यांना ओलांडलं, आणि उंबऱ्याशी येऊन थबकल्या.

"मपली फरशी!"

रक्तबिक्त त्यांच्या खिजगणतीतच नव्हतं.

"रक्त नाहीये हो!" मी ओरडत होते. "हळद आहे! रत्ना, लिंबू आण!"

रत्नानं लिंबू आणलं. मी ते कापलं आणि तात्यांच्या मांडीवर पिळलं. आणि सगळ्या गल्लीच्या देखत ते लाल रक्त पिवळं झालं! मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लिंबू पिळलं बघा... भानामती हाय ही. फरशीवर बी उठलीया."

घागरी मागे सरकल्या.

"कोन म्हनलं?"

आवाज जमिनीवरून आला होता. तात्या उठून बसले. 'भानामती' हा शब्द कानावर पडला की हा माणूस चितेवरूनही उठला असता. मिशी थरथरत होती. "कोन म्हनलं भानामती? म्होरं या! अन् सूनबाई, तुमी... शिकल्यासवरल्या घरात लिंबू पिळता?"

"तात्या, हे लिंबू भानामतीचं नाही, आम्लाचं आहे!" मी रडकुंडीला आले होते. "हळदीला साबण लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. तुम्हाला पाहिजे तर आत्ता दाखवते!"

तात्यांनी धोतरावरचा पिवळा डाग निरखून बघितला. मग फार सावकाश म्हणाले, "साबनाच्या जागी चुना असंल तर?"

"तरी लालच होईल. चुनाही आम्लारी."

"सांजवेळी आमच्याकडं एक बाबा येतो. लोकाच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्याला बोट लावतो, अन् रगत काढतो. मी सभेत बोंबलून सांगतो, थोतांड हाय, थोतांड हाय. लोक म्हनत्यात, मंग कसं करतो ते सांगा. मला सांगता येत न्हवतं बगा!" त्यांनी धोतराचा सोगा माझ्यापुढे पसरला. "लावा साबन!"

मी साबण लावला. लाल! लिंबू पिळलं. पिवळा! "परत!" तात्या ओरडले. गल्लीतल्या बायका घागरी खाली ठेवून पुढे आल्या. मघाशी भानामती म्हणणारी तर सर्वांत पुढे. तात्यांनी उभं राहून चक्क भाषण सुरू केलं, एका हातात लिंबू, एका हातात साबणाची वडी, धोतर अर्धं लाल, अर्धं पिवळं. तेवढ्यात हे रिक्षा घेऊन आले. रिक्षावालाही भाषण ऐकत उभा राहिला.

आणि या सगळ्यात मला हसण्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या दाराशी रत्ना उभी होती. सकाळपासून आवळून धरलेली ती, भिंतीला टेकून, डोळे पुसत, निळ्या साडीच्या पदरात तोंड खुपसून हसत होती. आत्याबाईंनी तिला बजावलं होतं की पाहुण्यांसमोर खिदळायचं नाही. पण समोर प्रशांतही तसाच, पोट धरून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि पुन्हा फुटले. मला वाटतं, जे काही ठरायचं ते तिथेच ठरलं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

कमळाकाकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मग एका दुपारी बघते तर त्या डाग पडलेल्या फरशीवर पाय ठेवून उभ्या, आणि टाचा घासून राहिलेल्या. "खरखरीत झालीया, पर टाचंला लई झकास हाय," म्हणाल्या. पुढे गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी टाचा घासायला यायला लागल्या.

वरणाच्या त्या दिवशी पाहुणे भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन गेले. तात्यांनी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. निघताना उंबऱ्यात उभं राहून त्यांनी घसा साफ केला. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"पोरगी पसंत हाय," तात्या म्हणाले. "देनं-घेनं काय न्हाई, बौद्ध पद्धतीनं साधं लग्न. माझी एकच अट हाय."

"सांगा की, तात्या," ह्यांनी हात जोडले.

"लग्नात ह्या सूनबाईंनी सैपाकाच्या मांडवात पाऊल ठेवायचं न्हाई."

आमच्या घरानं ही अट एकमतानं, जरा जास्तच घाईनं मान्य केली. लग्न हदगावला झालं. मला स्वयंपाकापासून सगळ्यांत लांब, मांडवाच्या कमानीशी, हातात गुलाबदाणी देऊन उभं केलं, येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडायला. मी मन लावून शिंपडत होते. पण हदगावकडचा प्रत्येक माणूस माझ्यापाशी आला की थांबायचा, आधी स्वतःच्या कपड्यांकडे बघायचा, मग माझ्या हातातल्या गुलाबदाणीकडे, आणि हात जोडून म्हणायचा, "आमाला नगं ताई, आमचे कपडे पांढरे हायत."